सातव्या स्लॉटचा दिवा

"तुमचं काम काय?" असं कुणी विचारलं की हेमंत विभांडिक सांगे, "दिवे बघतो." ऐकणाऱ्याला वाटे, माणूस वीज कंपनीत असावा. हेमंतही पुढे काही खुलासा करत नसे. मुसळगावच्या एमआयडीसीतल्या एका थंडगार खोलीत सर्व्हरच्या रांगांमधून फिरायचं, कुठल्या बोर्डावरच्या दिव्याने रंग बदललाय ते पाहायचं आणि त्याप्रमाणे हात चालवायचा, यात त्याची वीसेक वर्षं गेली होती. सुरुवातीला त्यात गंमत वाटायची. आता पंचावन्नाव्या वर्षी गुडघे कुरकुरत होते, पंख्यांच्या घरघरीने कान बधिर झाले होते आणि गमतीचं नाव काढलं तरी त्याला जांभई येई.

दिव्यांची भाषा अगदी सोपी होती. स्थिर हिरवा म्हणजे सगळं ठीक. सावकाश लुकलुकणारा पिवळा म्हणजे बोर्डाची कुरबुर चालू आहे. घाईघाईने लुकलुकणारा पिवळा म्हणजे आता फार दिवस काढणार नाही. तांबडा म्हणजे गेला. निळ्या दिव्याचा दोषाशी संबंध नसे. रांगेतल्या एकसारख्या मशीनमधलं नेमकं कुठलं उघडायचं हे हेमंतला कळावं म्हणून शेजारच्या खोलीतून शबाना पठाण तो लावत असे. शबाना केंद्राची प्रमुख होती, वयाने त्याच्याहून बरीच लहान. चारचौघांत तो तिला मॅडम म्हणे आणि ती त्याला काका म्हणे, आणि दोघांचंही बरं चाललं होतं.

दिव्यामागचा अर्थ लावायला 'निदान' नावाची प्रणाली होती. दिवा पिवळा झाला की ती पडद्यावर दोन ओळी टाकी: काय बिघडलं आणि काय करायचं. काय करायचं याचं उत्तर बहुतेक वेळा एकच असे, बोर्ड बदला. माणसाच्या तासापेक्षा बोर्ड स्वस्त झाल्यापासून निदानने दुसरं काही सुचवणं सोडूनच दिलं होतं.

त्या दिवशी पडद्यावर आलं: 'रॅक चार, स्लॉट सात. दुरुस्त होणाऱ्या चुका मर्यादेबाहेर. बोर्ड बदला.'

दुरुस्त होणाऱ्या चुका ही काही भयंकर गोष्ट नाही. मशीनची स्मृती अधूनमधून एखादा आकडा चुकते. ती चूक मशीनलाच कळते, तीच ती सुधारते आणि कुणाला पत्ताही लागत नाही. पण अशा चुका वाढायला लागल्या, तर एक दिवस न सुधारता येणारी चूक होईल या भीतीने पिवळा दिवा लागतो. आता चुका वाढल्या म्हणजे बोर्डच वाईट असं मात्र नाही. बोर्ड ज्या स्लॉटमध्ये बसवलाय त्या स्लॉटची वीज कमीजास्त होत असली, तरी चांगला बोर्ड चुका करायला लागतो. म्हणून जुन्या लोकांची एक रीत होती. शेजारचा बोर्ड इथे लावायचा, इथला तिथे लावायचा आणि वाट बघायची. दिवा बोर्डाबरोबर गेला तर बोर्ड वाईट, जागेवरच राहिला तर जागा वाईट. हेमंतने ही अदलाबदल कितीतरी नव्या पोरांना शिकवली होती.

"काका, अदलाबदल करून बघायची का?" शबानाने हेडफोनमधून विचारलं.

हेमंत सकाळपासून एसीवाल्यांबरोबर उभा होता. अदलाबदल करायची म्हणजे दोन्ही बोर्डांवरच्या माणसांना आधी कळवायचं, त्यांच्या होकाराची वाट बघायची, मग तासभर दिव्यासमोर ताटकळायचं. नुसता बोर्ड बदलायला यातलं काही लागत नसे.

"कशाला?" तो म्हणाला. "निदान सांगतंय ना, बोर्ड बदला म्हणून."

"ठीक आहे," शबाना म्हणाली. तिलाही घरी जायचं होतं.

रॅक चारवर निळा दिवा लागला. हेमंतने सातव्या स्लॉटमधला बोर्ड ओढला, नवा सरकवला, 'टक्' असा आवाज आला. जुन्या बोर्डावरच्या माहितीची केंद्रात ठेवलेली प्रत नव्यावर उतरली आणि दिवा हिरवा झाला. जुन्या बोर्डाचा नंबर वहीत लिहून त्याने तो चुऱ्याच्या पेटीत टाकला. त्या बोर्डांवर माणसांच्या मेंदूच्या खाणाखुणा असत, म्हणून त्याच दिवशी त्यांचा चुरा करायचा असा नियमच होता.

माणसांच्या मेंदूच्या खाणाखुणा कशा, ते सांगायला हवं.

काही माणसांचे हात स्वस्थ असले की शांत असतात आणि काम करायला गेले की थरथरू लागतात. कपाला हात लावला की चहा बशीत. अशांच्या मेंदूत केसाएवढी तार बसवून विजेचे बारीक ठोके द्यायचे हा उपाय तसा जुनाच. पण जुनी यंत्रं घड्याळासारखी एकसारखी टकटक करत राहायची. थरथर थोडी कमी व्हायची, एवढंच. नव्या उपचारात तार आधी ऐकते, मेंदूत थरथर उठायला लागलीय हे ओळखते आणि त्याच क्षणी नेमका उलटा ठोका देते. हे ओळखायला मोठं गणित लागतं. ते करणारं मशीन कमरेला बांधून फिरता येत नाही आणि फार लांब असलं तर उत्तर येईपर्यंत थरथर पुढे निघून गेलेली असते. म्हणून तालुक्या-तालुक्याला अशी केंद्रं निघाली. पेशंटच्या गळ्यात एक पदक असे. ते तार आणि केंद्र यांच्यातला निरोप्या.

या मशीनमधले बोर्डही निराळे. त्यांच्यात आकडे साठवायला शून्य-एकचे खटके नव्हते, नळ कमीजास्त सोडावा तशी वीज कमीजास्त वाहू देणारे कोट्यवधी कण होते. वीज फार थोडी लागे. पण दोन बोर्डांचे कण कधीच सारखे नसत. कुठला जरा सुस्त, कुठला जरा उतावळा. बोर्ड एखाद्या माणसाचा हात शिकायला लागला की स्वतःच्या या खोडी सांभाळूनच शिके. त्याची प्रत दुसऱ्या बोर्डावर उतरवली तर आकडे उतरत, खोडी उतरत नसत. कंपनीचं म्हणणं असं, की त्याने पेशंटला फारसा फरक पडत नाही. आणि ते बऱ्याच अंशी खरं होतं. चहा पिणाऱ्याला, सही करणाऱ्याला फरक पडत नसे.

हेमंतची मोठी बहीण मंगल बांगड्या भरायची.

विभांडिकांचं घर सिन्नरच्या जुन्या बाजारात. वर हेमंत आणि त्याची बायको राहत, पण बायको सध्या लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेली होती. खाली मंगलताईची बांगड्यांची पेटी. नवरा गेल्यावर ती माहेरी आली आणि वडिलांच्या जागेवर बसली, त्याला आता जमाना झाला. सुरुवातीला दोन-चार बायांनी नाकं मुरडली, की सौभाग्याचा चुडा हिच्या हातून कसा भरायचा. पण ताईचा हात इतका हलका, की एकदा भरून गेलेली बाई दुसऱ्या कासाराकडे जात नसे. नाशकात मनगट मोजून काच हातावरच जोडून देणारी यंत्रं आली, तरी लग्नाच्या चुड्याला लोक ताईलाच बोलवत.

मग तिचे हात थरथरू लागले. तीन वर्षं पेटी बंद होती. ऑपरेशन झालं, तार बसली, पण बोर्डाला तिचा हात शिकायला सात-आठ महिने लागले. बोर्ड फक्त काम करतानाच शिकतो. शेजारणींनी आपापले हात दिले, काचा टोचून घेतल्या आणि एकेक बांगडी करत ताई परत उभी राहिली. त्यानंतरची चार वर्षं तिने कुणाच्या हातावर ओरखडा काढला नव्हता.

बोर्डावर नाव नसतं, नुसता नंबर असतो. ताईचा नंबर तिच्या पदकाच्या मागे कोरलेला होता. हेमंतने तो कधी वाचला नव्हता. घरात कामाचा विषय नको, असं त्याचं धोरण होतं.

दुसऱ्या दिवशी त्याची सुट्टी होती. वंदना बोडकेच्या मुलीचा, ऋतुजाचा, चुडा भरायचा होता. वंदनाचा चुडा ताईनेच भरला होता, त्यामुळे मुलीचाही तिनेच भरायचा हे मुलीच्या जन्माआधीपासूनच ठरल्यासारखं होतं. हेमंत पेटी उचलून बरोबर गेला.

"हाताला जरा मुंग्या आल्यासारखं होतंय कालपासून," वाटेत ताई म्हणाली.

"थंडी पडलीय," हेमंत म्हणाला.

बोडक्यांच्या ओट्यावर सतरंजी घातली होती. पंधरा-वीस बायका जमल्या होत्या. ताईने ऋतुजाचा हात मांडीवर घेतला, चेपून मऊ केला, अंगठा आत वळवून हाताची होडी केली आणि हिरवी बांगडी बोटांवरून पुढे सरकवली. सगळ्यात अवघड जागा अंगठ्याच्या मुळाशी. तिथे बांगडी एक क्षण अडते, आणि त्या क्षणी किती दाबायचं हे फक्त भरणाऱ्या हाताला कळतं.

ताईचा हात थरथरला. बांगडी फुटली.

"वाढली," ताई पटकन म्हणाली, कारण बांगडीला फुटली म्हणत नाहीत, चुड्याच्या दिवशी तर नाहीच. "एखादी वाढते गं. दुसरी घेऊ."

दुसरीही वाढली. तिसरीचा तुकडा ऋतुजाच्या अंगठ्याखाली घुसला. रक्ताचा थेंब हळदीच्या साडीवर पडला आणि ओट्यावरची कुजबूज थांबली. ऋतुजा बिचारी म्हणाली, "काही नाही मावशी, दुखत नाही." पण तिची आत्या उठली, तिने पोरीचा हात ताईच्या हातातून सोडवला आणि तिला आत नेलं. कोपऱ्यातून कुणीतरी हळूच म्हणालं, "तरी मी सांगत होते, विधवेच्या हातून नको." ते सगळ्यांनी ऐकलं. ताईनेही ऐकलं.

बांगड्या भरून झाल्या की भरून घेणारी कासाराला नमस्कार करते. तो नमस्कार झाला नाही. ताईने काचा गोळा केल्या आणि पेटी मिटली. तिची मान खाली होती, म्हणून हेमंतची नजर तिच्या गळ्यातल्या पदकावर गेली.

पदकावरचा दिवा एकदा हिरवा होत होता, एकदा पिवळा. हिरवा, पिवळा, हिरवा, पिवळा. ही खूण केंद्रातल्या पोराटोरांनाही पाठ होती: नवा बोर्ड, शिकणं चालू. हेमंतने पदक उलटं केलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मागचा नंबर वाचला. काल संध्याकाळी चुऱ्याच्या पेटीत टाकलेल्या बोर्डाचा नंबर हाच होता.

"काय झालं रे?" ताईने विचारलं.

"केंद्रात बोर्ड बदलला गेलाय," तो म्हणाला. "जुना झाला असेल."

बदलला गेलाय. जणू बोर्ड स्वतःच उठून चालू लागला होता. पेटी उचलून हेमंत ताईच्या मागे चालत राहिला.

घरी आल्यावर ताईने पेटी पलंगाखाली सरकवली. हेमंतने तिला समजावलं. बोर्ड परत शिकेल, पूर्वीसारखंच होईल, फक्त हात चालता ठेवायला हवा. थोडे महिनेच शिकणं चालू असतं. शिकता शिकता ते कण झिजतात, म्हणून मुदत संपली की कंपनी शिकणं थांबवते आणि हात जेवढा सुधारला असेल तेवढ्यावर गोठतो. वेळ घालवून चालणार नाही.

"कुणाच्या हातावर चालवू?" ताईने विचारलं. "गेल्या वेळी शेजारणी होत्या. त्यातल्या दोघी देवाघरी गेल्या, एक सुनेकडे गेली. आणि आता कुणाला बोलवू? त्या पोरीच्या साडीवर रक्त पडलेलं गावाने पाहिलंय."

"बोर्डाचा दोष आहे ताई. तुझा नाही."

"बोर्डाचंही वय झालं असेल. माझंही झालंय. एकदा शिकले, हौस फिटली. आता नको."

ती रडली नाही, चिडली नाही. रोज सकाळी उठायची, स्वयंपाक करायची, दुपारी दाराशी बसायची. भाजी चिरताना हात कापू नये म्हणून विळी ठेवून दिली आणि हेमंतकडून चिरणारं यंत्र मागवून घेतलं. मग एक दिवस सहज सांगावं तसं सांगितलं, की नाशकातल्या यंत्रवाल्याशी बोलणं झालंय, सगळा माल तो एकदमच उचलणार आहे. हेमंत बरं म्हणाला. ती हरली होती आणि आपण तिला हरू देतोय हे त्याला दिसत होतं, पण सांगायचं तो रोज उद्यावर ढकलायचा. बोर्ड जुनाच असेल, निदान काय खोटं सांगेल, अशी समजूत घालून तो झोपी जायचा.

ती समजूत फार टिकली नाही. एका दुपारी पडद्यावर ओळ आली: 'रॅक चार, स्लॉट सात. दुरुस्त होणाऱ्या चुका मर्यादेबाहेर. बोर्ड बदला.'

हेमंतने ती ओळ पुन्हा वाचली. नवाकोरा बोर्ड इतक्या लवकर म्हातारा होत नाही.

"काका, नवीन बोर्ड आणू का?" शबाना म्हणाली.

"नको. सातव्या आणि आठव्या स्लॉटच्या माणसांना कळव. म्हणावं, थोडा वेळ हात थरथरेल, गरम काही हातात धरू नका."

तिने कळवलं. दोन्हीकडून होकार आले. त्यातला एक होकार सिन्नरच्या जुन्या बाजारातून आला असणार, ताईने पदकावरचं बटण दाबलं असणार. हेमंतने सातव्यातला बोर्ड आठव्यात घातला, आठव्यातला सातव्यात घातला आणि थंड लाद्यांवर तसाच मांडी घालून बसला. शबाना बाहेर येऊन त्याच्या शेजारी उभी राहिली. तासाभराने दिवा लागला. आठव्यात हिरवा, सातव्यात पिवळा.

दिवा जागेवरच राहिला होता.

हेमंतने बोर्ड काढून सातव्या स्लॉटमध्ये बॅटरीचा झोत टाकला. आत वीज देणाऱ्या पट्टीची एक पिन काळवंडली होती. पंख्याच्या हादऱ्याने सैल झाली असेल, थोडी थोडी जळत राहिली असेल. कानशीने घासून नीट बसवण्याइतकंच काम होतं.

"म्हणजे जुना बोर्ड चांगला होता," शबाना म्हणाली.

"धडधाकट होता."

"त्याचा तर चुरा झाला त्याच दिवशी." ती जरा थांबली. "काका, मी विचारलं होतं तुम्हाला. पण आग्रह नाही धरला. मलाही निघायचं होतं."

"तू विचारलं होतंस. नको मीच म्हणालो."

"जाऊ द्या. कुणाचा बोर्ड होता ते कुणाला माहीत? आपल्यालासुद्धा कळत नाही."

"माझ्या बहिणीचा होता," हेमंत म्हणाला.

शबानाने त्याच्या हातातली बॅटरी घेतली आणि म्हणाली, "पिन मी बसवून घेते. तुम्ही घरी जा."

घरी ओट्यावर बांगड्यांचे तोडे काढून ठेवले होते. हिरव्या, लाल, चमकीच्या, सुतळीत ओवलेल्या. सकाळी यंत्रवाला येणार होता. ताई एकेक तोडा फडक्याने पुसत होती. पुसताना काचा हातात किणकिणत होत्या, न थांबता.

"लवकर आलास?"

"ताई, बोर्ड जुना नव्हता," हेमंत उभ्याउभ्याच म्हणाला. बसलो तर बोलवणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. "बोर्ड चांगला होता. ज्या स्लॉटमध्ये होता तो खराब होता. बोर्ड मी काढला. मी स्वतः. तपासायला हवं होतं, ते तपासलं नाही. आणि आता तो परत येणार नाही, त्याचा चुरा झाला."

ताईने फडकं खाली ठेवलं.

"तपासायचं असतं हे तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"कसं तपासतात ते येत होतं?"

"मीच शिकवतो सगळ्यांना."

"मग का नाही तपासलंस?"

"कंटाळा आला होता, ताई."

ताईच्या चेहऱ्यावर राग चढला, आणि चढू लागल्यावर हेमंतला इतक्या दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं, कारण त्या ओट्यावरच्या दिवसापासून तिच्या चेहऱ्यावर काहीच चढलं नव्हतं.

"मी रोज देवापुढे बसून विचारतेय, की माझं काय चुकलं," ती म्हणाली. "त्या पोरीच्या चुड्यात काच घुसली ती माझ्या नशिबाने, असं मानून बसले. बायका बोलल्या ते खरंच असेल, असं वाटायला लागलं होतं मला. आणि तू सगळं जाणून माझ्या पंक्तीला बसून जेवत होतास?"

"आज दुपारपर्यंत खात्री नव्हती."

"संशय तर होता?"

"होता."

रस्त्यावरून पोरांची गाडी गेली, शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली.

"कंटाळा मलाही येतो," ताई शेवटी म्हणाली. आवाज उतरला होता. "लग्नसराईत पाठ मोडून जाते. वाटतं, ढकलावी बांगडी आणि मोकळं व्हावं. पण समोर हात असतो कुणाचातरी. दाबलं की ती बाई डोळे मिटते. तुझ्यासमोर नुसता दिवा होता. दिव्याला दुखत नाही." तिने समोरचा एक तोडा सोडला. "बस खाली. हात दे."

"काय?"

"हात दे म्हणते. तू बोर्ड काढलास ना? मग त्याला शिकवायला तुझाच हात. डावा दे, उजव्याने नोकरी करायची आहे तुला."

"ताई, लोक बघतील. पुरुषाच्या हातात बांगड्या..."

"बघू देत. म्हणू देत, विभांडिकाने हातात बांगड्या भरल्या. भरल्याच आहेत, खोटं थोडंच आहे."

हेमंत बसला. ताईने त्याचा हात मांडीवर घेतला. तिने लहानपणी त्याचा हात धरून त्याला शाळेत नेलं होतं. त्यानंतर इतका वेळ तो हात कुणी हातात घेतला नव्हता. तिने तो साबणाच्या पाण्याने ओला केला, चेपला, त्याचा राठ अंगठा आत वळवला. सगळ्यात मोठ्या मापाची बांगडी घेतली. बोटांवरून पुढे सरकवली. अंगठ्याच्या मुळाशी बांगडी अडली आणि ताईचा हात थरथरू लागला. हेमंतने दात आवळले. काच आत गेली.

"वाढली," ताई म्हणाली. "दुखलं?"

"नाही."

"खोटं बोलू नकोस. दुखलं तर दुखलं म्हण, आणि कुठे ते सांग. मला कळायला हवं." तिने हनुवटीने गळ्यातल्या पदकाकडे खूण केली. "त्यालाही."

"दुखलं. अंगठ्याखाली, आतल्या बाजूला."

"आता कसं. दुसरी घेते."

सकाळी यंत्रवाला आला, तेव्हा ओट्यावरचा माल परत आत गेला होता. ताईने त्याला चहा दिला, बशीत थोडा सांडला, आणि रिकाम्या हाताने परत पाठवलं.

मग ते रोजचंच झालं. कामावरून आला की हेमंत हातपाय धुऊन ओट्यावर बसायचा. येणारेजाणारे आधी थांबून बघत, मग हसून पुढे जात. केंद्रातल्या पहारेकऱ्याने त्याच्या मनगटावरच्या पट्ट्या पाहून विचारलं, "काय हो, मांजर पाळलंय का?" हेमंत म्हणाला, "बहीण पाळलीय." बायको पुण्याहून आली, तिने ओट्यावरचा प्रकार पाहिला, कपाळाला हात लावला आणि हळदीची वाटी शेजारी आणून ठेवली. पुढे अधूनमधून तीही आपला हात देऊ लागली. हात सुधारतोय का, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. कधी वाटे सुधारतोय, दुसऱ्या दिवशी सगळं पाण्यात. मुदत जवळ येत होती आणि पदकावरचा दिवा एकदा हिरवा, एकदा पिवळा होत होता. हेमंत दमला होता, पूर्वीपेक्षाही जास्त. पण केंद्रात कुठे पिवळा दिवा लागला, की तो निदानची ओळ वाचून संपायच्या आत शबानाला म्हणे, "दोघांना कळव." आणि लाद्यांवर मांडी घालून वाट बघत बसे. काही वेळा दोष बोर्डाचाच निघे. काही वेळा निघत नसे.

एका संध्याकाळी ताईने बांगडी हातात घेतली, नेहमीसारखी पुढे सरकवली. अंगठ्याच्या मुळाशी ती अडली. ताईचा हात थरथरायला लागला, हेमंतने डोळे मिटून घेतले. मग थरथर मध्येच कुणीतरी धरल्यासारखी थांबली, आणि बांगडी सांध्यावरून घसरून मनगटावर येऊन पडली. अख्खी.

हिरवी, साधी, एक बांगडी, जखमांच्या पट्ट्यांच्या वर.

"योगायोग असेल," ताई म्हणाली.

हेमंत कुरकुरत्या गुडघ्यांवर जरा उठला, वाकला आणि त्याने ताईच्या पायांवर डोकं ठेवलं. बांगड्या भरून झाल्या की नमस्कार करायचा असतो. बोडक्यांच्या ओट्यावरचा राहिलेला नमस्कारही त्यातच आला. तो बराच वेळ उठला नाही, आणि ताईनेही त्याला उठ म्हटलं नाही. तिचा हात त्याच्या केसांवर होता आणि थोडा थोडा थरथरत होता.

"बस आता," ती शेवटी म्हणाली. "उद्या उजवा हात."